फादर ग्रेगोर मेंडेल : वाटाण्याच्या दाण्यातून सृष्टीचा नियम वाचणारा धर्मगुरू

एखादे झाड कोणत्या जातीचे आहे, हे माणूस पूर्वापार त्याच्या बाह्य रूपावरून ठरवत आला आहे. पानांची ठेवण, फुलांच्या पाकळ्या, पुंकेसरांची संख्या, शेंगेचा आकार, बियांचा रंग ही त्याची साधने. स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी १७५३ साली आपल्या ग्रंथात याच पद्धतीला शिस्त लावली आणि प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे शास्त्रीय नाव दिले. आज मात्र वनस्पती आणि बुरशी यांचे वर्गीकरण करताना केवळ बाह्य लक्षणांवर विसंबून राहत नाहीत. त्यांच्या जोडीला जनुकीय लक्षणेही तपासली जातात आणि मगच त्या सजीवाचे कूळ निश्चित केले जाते.

डोळ्यांना दिसणाऱ्या गुणामागे न दिसणारे असे काही असते, ते पिढ्यान् पिढ्या नियमाने चालत राहते आणि ते मोजता येते, ही गोष्ट सर्वप्रथम सिद्ध करणारा संशोधक एक कॅथलिक धर्मगुरू होता. संत ऑगस्टिनच्या संस्थेतील फादर ग्रेगोर योहान मेंडेल हे त्यांचे नाव. शाळेच्या पाठ्यपुस्तकात आपण सर्वांनी त्यांचे वाटाण्याचे प्रयोग वाचलेले असतात. परंतु रोज पवित्र मिस्सा अर्पण करणारे, दोनदा परीक्षेत अपयशी ठरलेले आणि हयातीत उपेक्षित राहिलेले मेंडेल आपल्याला फारसे परिचित नसतात. त्यांच्या जीवनाची ही ओळख.

शेतकऱ्याचा मुलगा

तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील आणि आजच्या चेक प्रजासत्ताकातील हिन्चित्से या लहानशा खेड्यात जुलै १८२२ मध्ये योहान मेंडेल यांचा जन्म झाला. धर्मग्रामाच्या नोंदवहीत २० जुलै ही तारीख आहे. वडील आंतोन शेतकरी होते. घरची जमीन असली तरी जमीनदाराच्या शेतावर आठवड्यातून तीन दिवस वेठीला जावे लागे. आई रोझिना माळीकाम करणाऱ्या घराण्यातील होती. व्हेरोनिका ही थोरली बहीण आणि थेरेसिया ही धाकटी.

धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू फादर योहान श्रायबर यांना फळबागेची मोठी आवड होती. चांगल्या जातीच्या झाडांची कलमे कशी बांधावीत, हे ते गावकऱ्यांना शिकवीत. आंतोन यांच्या बागेतही अशी कलमे लागली आणि छोटा योहान वडिलांच्या हाताखाली ते काम शिकला. एका फांदीवर दुसऱ्या झाडाचा डोळा बसवला तरी त्याला फळ मूळ झाडाचेच येते, हे त्याने लहानपणीच पाहिले.

मुलगा हुशार आहे, त्याला शिकवावे, असा आग्रह शिक्षकांनी धरला. वयाच्या अकराव्या वर्षी योहान लिपनिक येथील शाळेत गेला आणि पुढे ओपावा येथील माध्यमिक विद्यालयात. घरून पुरेसे पैसे येत नसत. १८३८ साली वेठीच्या कामावर असताना आंतोन यांच्या अंगावर झाडाचा ओंडका कोसळला आणि त्यांची छाती जायबंदी झाली. ते पुन्हा पूर्वीसारखे कष्ट करू शकले नाहीत. सोळा वर्षांचा योहान तेव्हापासून शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवू लागला. उपासमार आणि काळजी यांमुळे तो अनेकदा आजारी पडला आणि महिनोन् महिने घरी राहिला.

अशा वेळी धाकट्या थेरेसियाने आपल्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या वाट्यातील काही भाग भावाच्या शिक्षणासाठी दिला. त्या जोरावर योहानला ओलोमोउत्स येथील संस्थेत तत्त्वज्ञान, गणित आणि पदार्थविज्ञान शिकता आले. मेंडेल हा उपकार आयुष्यभर विसरले नाहीत. पुढे मठाधिपती झाल्यावर त्यांनी थेरेसियाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला आधार दिला आणि त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले.

मठातील प्रवेश

ओलोमोउत्स येथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक फ्रिडरिश फ्रान्त्स यांच्या शिफारशीवरून ९ ऑक्टोबर १८४३ रोजी योहान मेंडेल ब्रनो शहरातील संत थॉमस मठात दाखल झाले. तेथे त्यांना ग्रेगोर हे व्रतस्थ नाव मिळाले. पोटाची चिंता मिटावी हेही मठप्रवेशाचे एक कारण होते, असे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मवृत्तात प्रांजळपणे नोंदवले आहे. देव माणसाला आपल्या सेवेत बोलावताना कित्येकदा त्याच्या साध्या गरजांचाच मार्ग वापरतो.

हा मठ प्रार्थनेबरोबरच विद्येचेही घर होता. मठाधिपती सिरिल नाप हे दूरदृष्टीचे होते. मोराव्हिया प्रांतातील मेंढपाळ आणि बागायतदार उत्तम वाण तयार करण्यासाठी धडपडत होते आणि नाप त्यांच्या सभांतून भाग घेत. गुण एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसे उतरतात, हा प्रश्न तेथे वारंवार चर्चिला जाई. मठात मोठे ग्रंथालय होते, वनस्पतींचा संग्रह होता आणि प्रयोगासाठी बाग होती.

६ ऑगस्ट १८४७ रोजी मेंडेल यांना गुरुदीक्षा मिळाली. धर्मग्रामात आणि रुग्णालयात सेवा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. परंतु आजाऱ्यांच्या आणि मरणासन्न माणसांच्या यातना पाहून ते इतके व्याकूळ होत, की स्वतःच अंथरुणाला खिळले. मठाधिपती नाप यांनी या तरुण धर्मगुरूचा स्वभाव ओळखला आणि १८४९ साली त्यांना झ्नोइमो येथील विद्यालयात बदली शिक्षक म्हणून पाठवले. तेथे ते विद्यार्थ्यांचे आवडते शिक्षक झाले.

परीक्षेतील अपयश

कायम शिक्षक होण्यासाठी व्हिएन्ना येथील परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक होते. मेंडेल यांनी १८५० साली ती परीक्षा दिली आणि त्यांना अपयश आले. प्राणिशास्त्रात सस्तन प्राण्यांचे वर्गीकरण करण्याचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर परीक्षकांना अजिबात समाधानकारक वाटले नाही. ज्या नियमांच्या आधारे पुढे सजीवांच्या वर्गीकरणाची सारी इमारत नव्याने उभारली गेली, त्या नियमांचा शोधक वर्गीकरणाच्याच प्रश्नात अडखळला होता!

या अपयशातून एक चांगली गोष्ट घडली. मठाधिपतींनी त्यांना १८५१ ते १८५३ या काळात व्हिएन्ना विद्यापीठात शिकण्यासाठी पाठवले. तेथे ख्रिस्तियान डॉप्लर यांच्याकडून ते प्रयोग कसा रचावा हे शिकले, एटिंग्सहाउझेन यांच्याकडून गणितातील जुळण्यांचे शास्त्र शिकले आणि फ्रान्त्स उंगर यांच्याकडून वनस्पतींच्या पेशींचे ज्ञान मिळवले. ब्रनोला परतल्यावर ते १८५४ पासून तेथील विद्यालयात शिकवू लागले. १८५६ साली ते पुन्हा परीक्षेला बसले, परंतु याही वेळी ती पुरी होऊ शकली नाही. त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. चौदा वर्षे ते बदली शिक्षक म्हणूनच शिकवत राहिले.

सात गुण आणि अठ्ठावीस हजार रोपे

दुसऱ्या अपयशाच्या त्याच वर्षी, १८५६ मध्ये, मेंडेल यांनी मठाच्या बागेत आपले प्रसिद्ध प्रयोग सुरू केले. बागेचा तो तुकडा सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद होता. त्याआधी दोन वर्षे त्यांनी केवळ तयारीत घालवली. बियाणे विक्रेत्यांकडून त्यांनी वाटाण्याचे ३४ वाण मिळवले आणि प्रत्येक वाण पिढ्यान् पिढ्या शुद्ध राहतो की नाही, हे लावून पाहिले. त्यांतील २२ वाण त्यांनी प्रयोगासाठी निवडले.

त्यांच्या आधी अनेकांनी वनस्पतींचे संकर केले होते. जर्मनीतील कार्ल फ्रिडरिश फॉन गेर्टनर यांचा या विषयावरील ग्रंथ मेंडेल यांनी बारकाईने वाचला होता. परंतु हे सारे संशोधक संपूर्ण रोपाकडे एकत्रितपणे पाहत. संकरित रोप बापासारखे आहे की आईसारखे, की दोघांच्या मधले, असा त्यांचा प्रश्न असे आणि उत्तर नेहमी गोंधळाचे मिळे. मेंडेल यांनी रोपाचे रूप वेगवेगळ्या गुणांत विभागले आणि एका वेळी एकाच गुणाचा विचार केला. त्यांनी निवडलेले सात गुण असे होते : दाणा गोल की सुरकुतलेला, दाण्याचा आतला रंग पिवळा की हिरवा, फूल जांभळे की पांढरे, शेंग फुगीर की दाण्यांमध्ये आवळलेली, कच्ची शेंग हिरवी की पिवळी, फुले खोडाच्या बाजूने की टोकाशी, आणि रोप उंच की बुटके.

काम अत्यंत नाजूक होते. वाटाण्याचे फूल मिटलेले असतानाच स्वतःचे परागीकरण करून घेते. म्हणून कळी उमलण्यापूर्वी ती उघडून चिमट्याने सारे पुंकेसर काढावे लागत आणि मग दुसऱ्या वाणाचे परागकण कुक्षीवर टेकवावे लागत. आठ वर्षांत मेंडेल यांनी सुमारे २८ हजार रोपे पाहिली आणि प्रत्येकाची नोंद ठेवली.

गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुतलेपण जणू नाहीसे झाले. मेंडेल यांनी हे गोल दाणे पेरले आणि त्यांची फुले आपोआप फळू दिली. दुसऱ्या पिढीत एकूण ७,३२४ दाणे मिळाले. त्यांतील ५,४७४ गोल होते आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे साधारण तीनास एक. दाण्याच्या रंगातही हेच घडले. ८,०२३ दाण्यांपैकी ६,०२२ पिवळे निघाले आणि २,००१ हिरवे. उरलेल्या पाचही गुणांत प्रमाण जवळपास तेच आले.

मेंडेल येथेच थांबले नाहीत. दुसऱ्या पिढीतील गोल दाणे त्यांनी पुन्हा पेरले. त्यांतून वाढलेल्या ५६५ रोपांपैकी १९३ रोपांना फक्त गोल दाणे आले आणि ३७२ रोपांना गोल व सुरकुतलेले असे दोन्ही प्रकारचे दाणे आले. म्हणजे डोळ्यांना सारखेच दिसणारे गोल दाणे प्रत्यक्षात दोन प्रकारचे होते. काही अंतर्बाह्य गोल होते, तर काहींच्या पोटात सुरकुतलेपण लपून बसले होते. बाहेरून पाहून त्यांच्यातील फरक कोणालाही सांगता आला नसता. संततीवरूनच तो कळत होता.

हाच मेंडेल यांचा मोठा शोध आहे. प्रत्येक गुणासाठी रोपाला आईबापांकडून एकेक घटक मिळतो. एक घटक प्रभावी असला तर दुसरा झाकला जातो, परंतु तो नष्ट होत नाही, मिसळून फिकाही होत नाही. पुढच्या पिढीत योग्य जोडी जुळली की तो जसाच्या तसा प्रकट होतो. या घटकांनाच आज आपण जनुके म्हणतो.

जात कोणती आणि वाण कोणते?

या प्रयोगांचा वनस्पतींच्या वर्गीकरणाशी फार जवळचा संबंध होता. मेंडेल यांनी निवडलेले वाटाणे सगळे एकाच जातीचे आहेत की नाहीत, याविषयी त्या काळच्या वनस्पतिशास्त्रज्ञांत एकमत नव्हते. बहुतेक वाण नेहमीच्या वाटाण्याच्या जातीत मोडत, परंतु काहींना कोणी उपजात म्हणत, तर कोणी स्वतंत्र जात मानून निराळे नाव देत. मेंडेल यांनी आपल्या निबंधात हा वाद नमूद केला. जात आणि वाण यांच्यामध्ये नेमकी रेषा ओढणे शक्य झालेले नाही, असे सांगून त्यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या प्रयोगासाठी रोपाला दिलेले नाव महत्त्वाचे नव्हते. गुण स्थिर राहतो की नाही आणि संततीत कसा उतरतो, हे महत्त्वाचे होते.

बाह्य लक्षणे पाहून जाती ठरवणाऱ्यांच्या हाती यामुळे एक नवी कसोटी आली. दोन रोपे रंगाने किंवा उंचीने कितीही भिन्न दिसली, तरी तो भेद कदाचित एकाच घटकाचा असू शकतो. उलटपक्षी, दिसायला अगदी सारख्या असलेल्या रोपांच्या आत निराळा वारसा असू शकतो.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रनो येथील निसर्ग अभ्यासक मंडळाच्या सभेत मेंडेल यांनी आपले निष्कर्ष वाचून दाखवले. १८६६ साली ते मंडळाच्या वार्षिक अंकात छापले गेले. तो अंक युरोपातील शंभराहून अधिक ग्रंथालयांत आणि संस्थांत पोहोचला. मेंडेल यांनी निबंधाच्या ४० सुट्या प्रती मागवल्या आणि त्यांतील काही नामवंत शास्त्रज्ञांना पाठवल्या. परंतु त्याचे मोल कोणाच्याही ध्यानात आले नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांना त्यातील गणित परके वाटले.

न जुळलेले उत्तर

म्युनिक येथील प्राध्यापक कार्ल नेगेली यांनी मात्र मेंडेल यांच्या पत्राला उत्तर दिले. पुढे सात वर्षे दोघांचा पत्रव्यवहार चालला. नेगेली यांचा अभ्यासविषय हायरेशियम ही वनस्पती होता. झेंडू आणि सूर्यफूल यांच्या कुळातील ही पिवळ्या फुलांची रानवनस्पती वर्गीकरण करणाऱ्यांची डोकेदुखी ठरली होती. तिची इतकी रूपे आढळतात, की शास्त्रज्ञांनी तिच्या वंशात हजारो नावे नोंदवली आहेत. वाटाण्याचा नियम हायरेशियमलाही लागू पडतो का, हे पाहण्याचे मेंडेल यांनी ठरवले.

ही फुले अतिशय बारीक असतात. भिंगाखाली, आरशाच्या साहाय्याने प्रकाश पाडून काम करताना मेंडेल यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही महिने काम थांबवावे लागले. एवढे करूनही उत्तर विपरीत आले. वाटाण्यात पहिली पिढी एकसारखी आणि दुसरी विविध होती. येथे पहिली पिढी विविध आली आणि तिची संतती मात्र हुबेहूब आईसारखी स्थिर राहिली.

मेंडेल यांना हे लपवता आले असते. त्यांनी तसे केले नाही. १८६९ साली त्यांनी त्याच मंडळापुढे हायरेशियमचे निष्कर्ष मांडले आणि ते वाटाण्याच्या निष्कर्षांपेक्षा निराळे असल्याचे स्पष्ट सांगितले. आपल्याच सिद्धान्ताला छेद देणारे वाटणारे सत्यही त्यांनी तितक्याच निष्ठेने लोकांपुढे ठेवले.

याचे कारण विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडले. हायरेशियम बहुतेक वेळा परागकणाशिवायच बी तयार करते, त्यामुळे तिची संतती ही आईचीच प्रतिकृती असते, असे डेन्मार्कमधील दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तिच्या वंशात इतकी स्थिर आणि निरनिराळी रूपे का आढळतात, याचेही उत्तर त्यातच होते. मेंडेल यांची नोंद अचूक होती. तिचा अर्थ लावण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते.

मठाधिपती मेंडेल

३० मार्च १८६८ रोजी मठातील बंधूंनी मेंडेल यांना मठाधिपती निवडले. जबाबदाऱ्या वाढल्या आणि संशोधनाला वेळ उरेनासा झाला. तरीही त्यांनी मधमाश्या पाळल्या, फळझाडांचे नवे वाण जोपासले आणि अखेरपर्यंत हवामानाच्या नोंदी ठेवल्या. ऑक्टोबर १८७० मध्ये ब्रनो शहरावरून चक्रीवादळ गेले, तेव्हा त्याचे शास्त्रशुद्ध वर्णन त्यांनी लिहिले. आपल्या जन्मगावी आगी लागू लागल्या, तेव्हा तेथे अग्निशमन केंद्र उभारण्यासाठी त्यांनी देणगी दिली.

पास्काच्या सणासाठी त्यांनी तयार केलेल्या एका प्रवचनाचे टिपण आज उपलब्ध आहे. पुनरुत्थित प्रभू येशू मरिया माग्दालेनेला माळ्याच्या रूपात दिसला, या प्रसंगावर त्यांनी चिंतन केले आहे. माळी बी पेरतो, मातीची मशागत करतो, परंतु वाढीसाठी ऊन आणि पाऊस लागतोच. तसेच माणसाच्या प्रयत्नाला देवाच्या कृपेची जोड लागते, असा त्या चिंतनाचा आशय आहे. बागेत हात मळवणाऱ्या धर्मगुरूलाच सुचावे असे हे प्रवचन आहे.

अखेरची वर्षे कष्टाची गेली. १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसवला. हा कायदा अन्यायकारक आहे, असे मेंडेल यांचे ठाम मत होते. त्यांनी कर भरण्यास नकार दिला. सरकारने मठाच्या मालमत्तेवर जप्ती आणली, मित्र दुरावले, मठातील बंधूही अस्वस्थ झाले, तरी ते डगमगले नाहीत. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे शरीर खंगत गेले आणि ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, त्यांनी या जगाचा निरोप घेतला. अंत्यविधीच्या मिस्सेत संगीताची धुरा लिओश यानाचेक यांनी सांभाळली. हेच यानाचेक बालपणी या मठाच्या गायनवृंदात होते आणि पुढे जगप्रसिद्ध संगीतकार झाले.

शहराने एक दयाळू मठाधिपती गमावल्याचे दुःख केले. एक महान शास्त्रज्ञ गेला, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्याच वर्षी नेगेली यांचा आनुवंशिकतेवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात मेंडेल यांचा नामोल्लेखही नव्हता.

सोळा वर्षांनंतर

१९०० साली हॉलंडचे ह्यूगो द फ्रीस, जर्मनीचे कार्ल कॉरेन्स आणि ऑस्ट्रियाचे एरिश फॉन चेरमाक यांनी वनस्पतींच्या संकरावर निबंध प्रसिद्ध केले. आपण शोधलेला नियम एका धर्मगुरूने ३४ वर्षांपूर्वीच छापून ठेवला आहे, हे जगासमोर आले. कॉरेन्स हे नेगेली यांचेच विद्यार्थी होते. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांनी मेंडेल यांचा हिरिरीने पुरस्कार केला आणि १९०५ साली या शास्त्राला जेनेटिक्स हे नाव दिले.

१९३६ साली इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांनी मेंडेल यांचे आकडे अपेक्षेपेक्षा फारच जुळते असल्याचा आक्षेप घेतला. त्यावर पुष्कळ वाद झाला. परंतु ज्यांनी ज्यांनी वाटाण्याचे हे प्रयोग पुन्हा केले, त्यांना नियम तोच आढळला.

पुढे कम्युनिस्ट राजवटीने मेंडेल यांच्या शास्त्राला त्याज्य ठरवले. १९५० साली त्यांचा मठ बंद करण्यात आला आणि शहरातील त्यांचा पुतळा चौकातून हलवून मठाच्या आवारात ठेवला गेला. ती राजवट गेली, मेंडेल मात्र राहिले. १९८४ साली त्यांच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांचा गौरव केला. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे हे मेंडेल यांच्याच ऑगस्टिनियन संस्थेचे सदस्य आहेत, हाही एक सुंदर योगायोग.

आजचे वर्गीकरण

मेंडेल यांनी ज्यांना केवळ घटक म्हटले, ते आज डीएनएच्या रूपाने वाचता येतात. दाणा सुरकुतला जाण्याचे कारण १९९० साली सापडले. पिष्टमय पदार्थ तयार करणाऱ्या एका जनुकात परका तुकडा घुसल्यामुळे दाण्यात साखर आणि पाणी अधिक साठते आणि वाळताना तो आक्रसतो. २०२५ साली इंग्लंड आणि चीनमधील संशोधकांनी वाटाण्याच्या सुमारे ७०० नमुन्यांचा अभ्यास करून सातही गुणांमागील जनुकांचा उलगडा पूर्ण केला.

वनस्पतींची कुळे ठरवण्यातही यामुळे मोठे बदल झाले. कमळ आणि कुमुद ही दोन्ही तळ्यातील फुले, म्हणून पूर्वी त्यांना एकत्र मानत. डीएनए तपासल्यावर कळले, की कमळाचे जवळचे नातलग कुमुद नसून काश्मीरमधील चिनारासारखे वृक्ष आहेत. खुद्द मेंडेल यांच्या वाटाण्यालाही अनेक शास्त्रज्ञ आता निराळ्या वंशात, म्हणजे विदर्भात लाखोळी म्हणून परिचित असलेल्या कडधान्याच्या वंशात, घालतात.

बुरशीच्या बाबतीत तर ही कसोटी अधिकच उपयोगी ठरली. पावसाळ्यात दोन दिवस दिसणारी अळंबी हे बुरशीचे केवळ फळ असते. तिचा खरा विस्तार मातीत किंवा लाकडात दडलेला असतो. एकच बुरशी आयुष्याच्या दोन अवस्थांत इतकी भिन्न दिसते, की शास्त्रज्ञांनी कित्येक बुरशींना दोन दोन नावे दिली होती. डीएनएमुळे ही जोडनावे एकाच सजीवाची असल्याचे सिद्ध झाले आणि २०११ साली मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत एका बुरशीला एकच नाव देण्याचा नियम करण्यात आला. एके काळी वनस्पतींत गणली जाणारी बुरशी वारशाने प्राण्यांच्या अधिक जवळची आहे, हेही जनुकांनीच सांगितले.

याचा अर्थ बाह्य लक्षणांचा अभ्यास निरुपयोगी ठरला, असा मात्र नाही. आपल्या महाराष्ट्रात येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लाटर आणि फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी डोंगरदऱ्या पालथ्या घालून वनस्पतींचे नमुने जमवले आणि त्यांची वर्णने लिहिली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधील वनस्पतिसंग्रह फादर ब्लाटर यांच्या नावाने ओळखला जातो. फादर सांतापाव यांचे खंडाळा आणि पुरंदर येथील वनस्पतींवरील ग्रंथ अभ्यासकांना सुपरिचित आहेत. नीट पाहून, वाळवून, नाव घालून ठेवलेला नमुना हाताशी असेल, तरच जनुकांची तपासणी अर्थपूर्ण ठरते. मेंडेल यांनीही आधी डोळ्यांनी दाणे पाहिले आणि मग मोजले.

आपल्यासाठी बोध

मेंडेल यांच्या २०० व्या जयंतीच्या पूर्वतयारीसाठी जून २०२१ मध्ये ब्रनो येथील दफनभूमीत ऑगस्टिनियन बंधूंची सामायिक कबर उघडण्यात आली. त्यांतील कोणते अवशेष मेंडेल यांचे, हे मठात जपून ठेवलेल्या त्यांच्या वस्तूंवरील डीएनएशी तुलना करून निश्चित करण्यात आले. ज्या शास्त्राची पायाभरणी त्यांनी केली, त्याच शास्त्राने त्यांची ओळख पटवली.

श्रद्धा आणि विज्ञान यांचे वैर आहे, असा समज आजही अनेकांच्या मनात असतो. आपल्या घरातील विज्ञान शिकणारी मुले-मुली कधी तसा प्रश्न विचारतात. त्यांना फादर मेंडेल यांचे चरित्र अवश्य सांगावे. निर्मात्याने सृष्टीत नियम घालून दिला आहे, या विश्वासाने ते बागेत उतरले आणि तो नियम त्यांनी एकेक दाणा मोजून वाचला.

त्यांच्या जीवनातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. परीक्षकांनी त्यांना बाहेरून पाहिले आणि नापास केले. विद्वानांनी त्यांच्या निबंधावर वरवर नजर टाकली आणि तो बाजूला ठेवला. आपणही आपल्या धर्मग्रामात, आपल्या कुटुंबात माणसांची वर्गवारी अशीच त्यांच्या बाह्य रूपावरून करत असतो. हा हुशार, तो मठ्ठ, हा कामाचा, तो निरुपयोगी. गोल दाण्याच्या पोटात काय दडले आहे, हे पाहण्यासाठी मेंडेल यांनी तो पेरला आणि एक हंगाम वाट पाहिली. माणसांच्या बाबतीतही तेवढा धीर धरण्याची कृपा आपण प्रभूकडे मागू या.